आठ महिने ठाणे खाडीवर: मिररलेसच्या ऑटोफोकसचा अनुभव

दसऱ्याला जुना डीएसएलआर (आत आरसा असलेला कॅमेरा) देऊन मिररलेस, म्हणजे आरसा नसलेला कॅमेरा घेतला. सेन्सर एपीएस-सी, म्हणजे फुल-फ्रेमपेक्षा लहान आकाराचा, आणि सोबत लांबचं टिपणारी 100-400 मिमीची झूम लेन्स. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाव आलं की बोलणं त्याच्यावरच अडकतं. मी खाडीकाठच्या ऐरोलीत राहते आणि माझे बहुतेक फोटो खाडीतल्या पक्ष्यांचे असतात. लग्नाचे किंवा प्रवासाचे फोटो काढणाऱ्यांना यातलं बरंचसं लागू पडणार नाही.

जुन्या कॅमेऱ्यात फोकस मोजणारा सेन्सर वेगळा होता, आरशाच्या खाली. लेन्स आणि बॉडीचं जमलं नाही की फोकस दर वेळी जरासा पुढे नाहीतर मागे पडायचा. फूटपट्टी तिरकी ठेवून तो जुळवण्यात मी कित्येक रविवार घालवलेत. इथे फोकस मुख्य सेन्सरवरच मोजला जातो, त्यामुळे ती कटकट कायमची मिटली. आणि डोळा ओळखणं तर खरंच सुंदर. शेकाट्या उथळ पाण्यात एकटा चालत असला की फोकसची चौकट त्याच्या लाल डोळ्यावर बसते ती बसतेच, पक्षी फ्रेमच्या कोपऱ्यात गेला तरी सुटत नाही. पहिल्या दिवशी एकेक फोटो मोठा करून बघत मी रात्री एकपर्यंत जागी होते.

रोहितांपुढे, म्हणजे फ्लेमिंगोंपुढे, मात्र या ऑटोफोकसची परीक्षा होते. रोहित डोकं उलटं करून चिखलपाणी गाळत खातो. डोळा पाण्यालगत, चोच गडद आणि मागेपुढे गुलाबी पाठीच पाठी. डोळा सापडला नाही की चौकट सगळ्यात जवळच्या पाठीवर जाऊन बसते. पाणी संथ असेल तर आणखी पंचाईत. जानेवारीत एका सकाळी मी सलग सोळा फोटो काढले आणि सोळाही फोटोंत फोकस पाण्यातल्या प्रतिबिंबाच्या डोळ्यावर होता.

यावर मला जमलेला उपाय असा. शटरच्या बटणावरून फोकस काढून टाकला. मागच्या एएफ-ऑन (ऑटोफोकस सुरू करणाऱ्या) बटणावर डोळा ओळखणारा फोकस ठेवला आणि शेजारच्या बटणावर एकच छोटा फोकस पॉइंट. थव्यात किंवा खारफुटीच्या फांद्यांआड पक्षी असला की अंगठा आपोआप दुसऱ्या बटणावर जातो. हात बसायला महिनाभर लागला, पण वाया जाणारे फोटो निम्म्यावर आले. मॅन्युअलमध्ये हे एका ओळीत उरकलंय. माझ्या मते कॅमेरा हातात आल्यावर पहिलं काम हेच करावं.

आता एक गोष्ट कॅमेऱ्याच्या बाजूने सांगते, कारण तिच्यासाठी मी दोन महिने त्यालाच दोष देत होते. मार्चपासून सकाळी दहाच्या पुढचे सगळे फोटो मऊ यायला लागले. चौकट डोळ्यावर, शटर 1/2500 सेकंद, तरी पिसांची कड विरघळल्यासारखी. लेन्स दुरुस्तीला पाठवायच्या बेतात होते. मग एकदा बोटीतून नुसतं व्ह्यूफाइंडरमधून बघत राहिले तेव्हा लक्षात आलं, की पलीकडच्या किनाऱ्यावरच्या इमारतीच थरथरतायत. तापलेल्या चिखलावरची गरम हवा हलत असते आणि प्रकाश तिच्यातून वाकडातिकडा येतो. खाडी 2015 पासून अभयारण्य आहे आणि 2022 पासून रामसर यादीत (आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या), त्यामुळे थव्याच्या फार जवळ जाता येत नाही आणि जाऊही नये. अंतर जितकं जास्त तितकी ही हवा मध्ये येणार. त्यात बोटीची वेळ भरती ठरवते, आपण नाही, आणि भरती रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. आता मी भरतीचं कोष्टक बघून सकाळी लवकरचाच दिवस धरते. ऐरोलीच्या बाजूने तेव्हा ऊनही पाठीवर असतं.

खरी तक्रार आहे ती इलेक्ट्रॉनिक शटरची. आवाज नाही, वेग भरपूर, आणि बटण दाबायच्या आधीचा अर्धा सेकंदही साठवून ठेवतो. खंड्याची पाण्यातली बुडी मला त्यामुळेच मिळाली. पण त्यात सेन्सर वरून खाली ओळी-ओळीने वाचला जातो आणि या किमतीत तो वेगाने वाचला जात नाही, तेवढ्यात हलणारी गोष्ट पुढे सरकलेली असते. एप्रिलमध्ये नाखवा म्हणाला, “ताई, पाणी चढतंय, आता उठतील.” खरंच अख्खा थवा एकदम उठला. घरी येऊन बघते तर फडफडणारे पंख टोकाशी वाकलेले, जणू रबराचे. मेकॅनिकल शटर, म्हणजे खरोखरचा पडदा सरकणारं, लावलं असतं तर वाचले असते. तो क्षण गेल्याचं मला अजून वाईट वाटतं. दिवाळीत ठाण्यातल्या तलावपाळीच्या एलईडी रोषणाईतही या इलेक्ट्रॉनिक शटरने फोटोभर आडवे पट्टे उमटले होते. उडणारे पक्षी आणि एलईडी, दोन्हीकडे आता मी मेकॅनिकलच ठेवते.

हाताळणी चांगली. पकड खोल आहे, करंगळी हवेत लोंबत नाही. मेनू मात्र गुंतागुंतीचा, लागणाऱ्या गोष्टी ‘माय मेनू’त काढून घ्या. व्ह्यूफाइंडर सतत चालू असल्याने बॅटरी डीएसएलआरच्या मानाने लवकर संपते. बोटीवर दोन जादा बॅटऱ्या नेतेच.

मेअखेरीस रोहित पांगायला लागले. एसी खोलीतून कॅमेरा एकदम बाहेर काढला की लेन्सवर वाफ धरते, म्हणून निघायच्या अर्धा तास आधी बॅग तशीच बंद करून गॅलरीत ठेवते. सध्या कॅमेरा ड्राय कॅबिनेटमध्ये (हवा कोरडी ठेवणाऱ्या कपाटात) आहे, आर्द्रतेचा काटा पंचेचाळीस टक्क्यांवर. पावसाने उघडीप दिली की येऊरच्या जंगलात नेऊन बघणार आहे, दाट झाडीत आणि कमी उजेडात डोळा कितपत धरतो ते.