मेण वाढवलं की बाम सुधारतो? आठ महिन्यांचा अनुभव

मेण, तेल आणि शिया बटर वितळवून मी घरीच त्वचेचा आणि ओठांचा बाम करते. पहिला बाम मी चमच्याने मोजून केला आणि तो दगड झाला. बोट घासघास घासलं तरी बोटाला काही लागेना. मेण चमच्याने मोजूच नये. किसलेलं असेल तर चमच्यात वेगळं बसतं, दाणेदार असेल तर वेगळं. वजनकाटा घेतला आणि निम्मी डोकेदुखी गेली.

आता हातापायांच्या बामासाठी 100 ग्रॅममध्ये 18-20 ग्रॅम मधमाशीचं मेण घालते, ओठांच्या कांडीसाठी 25. बाकी तेल आणि शिया बटर (शियाच्या बियांतून निघणारी घट्ट चरबी).

खरी झटापट झाली ती कांडीशी. उन्हाळ्यात ती वाकायला लागली म्हणून मेण 30 वर नेलं. कांडी ताठ झाली खरी, पण ओठांवर ओढली जायची आणि मागे चिकट थर राहायचा. मग कँडेलिला आणलं. हे झुडपापासून मिळणारं मेण 70 अंशांच्या आसपास वितळतं (मधमाशीचं 62-64 ला), आणि मधमाशीच्या मेणाच्या साधारण निम्मंच पुरतं. मी उत्साहात सगळंच बदललं. चकाकी सुंदर आली, पण तिसऱ्या दिवशी कांडी कट्कन मोडली. आता 25 पैकी 5 ग्रॅम मधमाशीचं मेण कमी करून अडीच ग्रॅम कँडेलिला घालते, उरलेली जागा तेलाला. कांडी उभी राहते आणि ओठांवर सरकतेही. कार्नौबा हे दुसरं वनस्पतीचं मेण याहून कडक. ते वितळायला 80 च्या वर न्यावं लागतं, तेवढा धीर माझ्याकडे नाही.

एक चूक मात्र महिनाभर चालली. बाम रवाळ व्हायचा आणि मी मेणाला दोष देत राहिले. दोषी होतं शिया बटर! ते सावकाश थंड झालं की त्यातले घट्ट होणारे घटक आधी गोठून कण धरतात. आता पूर्ण वितळवते, डब्या भरते आणि लगेच फ्रिजमध्ये ठेवते.

घट्टपणा कळावा म्हणून वितळलेल्या बामाचा थेंब थंड चमच्यावर टाकून बघायची युक्ती चांगली आहे, पण तो थेंब खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर घट्टपणाचा अंदाज चुकतो. शिवाय बाम दुसऱ्या दिवशी आणखी थोडा आवळतो. मी घाईने पुन्हा वितळवून मेण वाढवलेल्या दोन डब्या अजून पडून आहेत. त्या आता टाचांसाठी वापरते.

आणि भांडं गरम असतानाच कागदाने पुसून घ्या. माझ्या सिंकने हे मला फार महागात शिकवलं.