तिकीट खरं, भोकं खोटी

जुन्या टपाल तिकिटांवर कंपन्यांची बारीक भोकांनी टोचलेली अक्षरं शोधणाऱ्यांनी हे जरूर वाचावं. माझे साडेतीन हजार रुपये गेले. पण त्याहून जास्त लागलं ते हे, की ज्या गोष्टीपायी मी फसलो ती त्या माणसाला मी स्वतःच सांगितली होती.

माझे आजोबा जीआयपी, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या परळ वर्कशॉपमध्ये फिटर होते. त्यामुळे ही तीन अक्षरं टोचलेलं एक तरी तिकीट आपल्याकडे असावं, असं फार वाटायचं. जुन्या वस्तूंच्या बाजारात तिकिटं घेऊन बसणाऱ्या एका विक्रेत्याला मी बोलता बोलता हे सांगितलं, आजोबांचंही सांगितलं. तीन आठवड्यांनी त्याने लांबूनच हाक मारली, "काका, तुमचं काम झालं!" पुठ्ठ्यावर चौदा तिकिटं होती. काळ्या कागदावर ठेवली की अक्षरं स्पष्ट दिसत होती. एकेकाचे अडीचशे. मी घासाघीस केली नाही, खिशातलं भिंगसुद्धा बाहेर काढलं नाही.

या प्रकाराला परफिन म्हणतात. पूर्वी कचेऱ्यांत तिकिटांचा साठा असे आणि तिकीट म्हणजे जवळजवळ रोख पैसेच. नोकरांनी ती पळवू नयेत म्हणून कंपन्या आपली आद्याक्षरं तिकिटांवर यंत्राने भोकं पाडून उमटवत. इंग्लंडात जोसेफ स्लोपरच्या यंत्राला १८६८ मध्ये टपाल खात्याची परवानगी मिळाली आणि पुढे ही पद्धत हिंदुस्थानातही आली. बँका, रेल्वे, व्यापारी पेढ्या यांची परफिन आजही स्वस्तात मिळतात. स्वस्त वस्तूची कोण कशाला नक्कल करेल, असं मलाही वाटायचं. पण इथे नक्कल तिकिटाची करावीच लागत नाही. पाचव्या जॉर्जचं वापरलेलं अर्ध्या आण्याचं तिकीट पाच-दहा रुपयांना मिळतं. ते खरंच असतं. वर फक्त भोकं पाडायची.

घरी येऊन तिकिटं वर्षांप्रमाणे लावायला बसलो. तेरा पाचव्या जॉर्जची. चौदावं भारताच्या नकाशाचं, नव्या पैशांतलं. ते हातात घेतलं आणि पोटात गोळा आला. नवे पैसे आले १ एप्रिल १९५७ ला. जीआयपी तर ५ नोव्हेंबर १९५१ लाच मध्य रेल्वेत विलीन झाली होती. जी कंपनी उरलीच नव्हती, तिने पाच-सहा वर्षांनी तिकिटं टोचली कशी?

मग मात्र रात्रभर भिंग घेऊन बसलो. माझ्याकडे वडिलांच्या कागदपत्रांत सापडलेला एका बँकेच्या पाकिटाचा तुकडा आहे, परफिन तिकीट अजून त्यावर चिकटलेलं. ते शेजारी ठेवलं आणि फरक डोळ्यांसमोर आला. खऱ्या परफिनमध्ये भोकं आधी पाडलेली असतात, टपालाचा शिक्का नंतर बसतो. त्यामुळे शिक्क्याची शाई भोकांच्या कडांना लागते आणि भोकांतून खालच्या पाकिटावरही तिचे ठिपके उमटतात. माझ्या तेराही तिकिटांवर भोकांनी शिक्क्याची काळी रेघ मधूनच तोडली होती आणि आतल्या कडा पांढऱ्याशुभ्र होत्या. शंभरेक वर्षांच्या तांबूस कागदात इतकी पांढरी कड म्हणजे भोक कालपरवाचं. मागून बोट फिरवलं तर कागद वर उचललेला लागला, कारण सुईने तो नुसता ढकलला जातो. यंत्राची टोकं कागदाची चकती कापून काढतात. शेवटी दोन तिकिटं एकावर एक ठेवून उजेडात धरली. एकाच यंत्राची असती तर भोकावर भोक बसलं असतं. एकही धड जुळेना.

एक सांगतो, नाहीतर चांगली तिकिटं उगाच टाकून द्याल. अक्षरं उलटी दिसली किंवा एखादं भोक कमी असलं म्हणून तिकीट खोटं ठरत नाही. तिकिटांची घडी घालून टोचली की काहींवर अक्षरं उलटी येतात, आणि यंत्राचं टोक मोडलं की तेवढं भोक पडत नाही. आणि परफिन पाकिटासकट मिळालं तर ते पाण्यात घालून सोडवू नका. खालचे शाईचे ठिपके हा सगळ्यात भक्कम पुरावा, तो तिकीट सोडवलं की गेलाच.

पुढच्या रविवारी मी तिकिटं घेऊन गेलो. तो म्हणाला, "तिकीट ओरिजिनल आहे ना? मग झालं तर!" पैसे दिले नाहीत. पावती मी मागितलीच नव्हती. आता मी कुठल्याही विक्रेत्याला काय शोधतोय ते सांगत नाही, त्याच्या डब्यात जे असेल ते स्वतः चाळतो.

ती चौदा तिकिटं मी फेकलेली नाहीत. प्रत्येकाच्या मागे पेन्सिलने 'भोकं बनावट' असं लिहून वेगळ्या पाकिटात ठेवली आहेत. माझ्यामागे मुलीने अल्बम विकायला काढला, तर ती आणखी कुणाच्या गळ्यात पडायला नकोत.