जुन्या जावाला ‘सीडीआय’ बसवून देतो म्हणणाऱ्याचा काळा डबा

घरात जुनी जावा किंवा येझदी असेल आणि कोणी म्हणत असेल की ‘भाऊ, हे प्लॅटिनचं लफडं काढून टाकतो, सीडीआय बसवतो, जन्माची कटकट गेली’, तर पैसे मोजायच्या आधी हे वाचून घ्या. प्लॅटिन म्हणजे प्लगला ठिणगी मिळवून देणारे जुन्या पद्धतीचे पॉइंट, आणि सीडीआय म्हणजे त्यांच्या जागी बसणारं इलेक्ट्रॉनिक इग्निशन. मोर्शी-वरुडकडे हा डबा फक्त आमच्याच गळ्यात मारला गेलाय असं दिसत नाही.

गाडी बाबांची. 1968 ची जावा 250, म्हैसूरच्या आयडियल जावाची. संत्र्याच्या बागेत जायला बाबा आजही तीच काढतात. हिवाळाभर काही तक्रार नसायची. एप्रिल लागला आणि ऊन पंचेचाळिसाकडे सरकलं की मात्र पाच-सात किलोमीटरवर मिस मारायची आणि बंद पडायची. निंबाच्या सावलीत अर्धा तास उभी केली की पुन्हा चालू. गरम झाल्यावरच करंट जातो म्हणजे कॉइल किंवा कंडेन्सर गेलेला असतो, हे आज मी झोपेतही सांगेन.

तालुक्याच्या गावात एक नवं गॅरेज निघालं होतं. पुण्यात जुन्या गाड्यांचं काम करून आलोय, असं तो सांगायचा. त्यानं बाबांना खुर्ची दिली, चहा मागवला. ‘काका, प्लॅटिनचा जमाना गेला. किटचे साडेआठ हजार. अन् हा जिकोव्ह कार्बोरेटर सीडीआयवर चालत नाही, तोही बदलावा लागते. जुना माल तुमच्या काय कामाचा? मी भंगारात टाकतो, तीनशे कमी द्या.’ म्हणजे आमचाच माल नेऊन वर आमच्यावर उपकार!

गाडी परत आली ती एका किकमध्ये चालू. सीटखाली प्लॅस्टिकच्या पट्टीनं बांधलेला काळा डबा, त्यातून निघालेल्या रंगीत वायरी, सगळं कसं कंपनीचं वाटावं असं. बाबा खूश. गडी डबा दाखवून सगळ्यांना सांगत फिरला.

कापूस वेचणीच्या दिवसांत ती पुन्हा बंद पडली. वरुडला एक म्हातारे चाचा आहेत, येझदीच्या जमान्यापासूनचे. त्यांनी इंजिनाचं उजवीकडचं कव्हर खोललं आणि काही न बोलता मला वाकून बघायला सांगितलं. आतमध्ये प्लॅटिन जिथल्या तिथं! बॅटरी चार्ज करणारा डायनॅमोही तोच. पॉइंट घासून गॅप जवळपास मिटलेली. बाजूला कंडेन्सर तेवढा नवा चकचकीत. चाचांनी पॉइंटवर पॉलिश पेपर फिरवला, फिलर गेज घालून 0.4 मिलिमीटरची गॅप बसवली आणि किक मारली. गाडी चालू असतानाच त्या काळ्या डब्याचं सॉकेट ओढून काढलं. इंजिन आपलं फटफटतच राहिलं. ‘इसमें कुछ नहीं है बाबू,’ चाचा म्हणाले.

घरी आल्यावर मी हॅक्सॉनं डबा कापला. आत एम-सील भरलेलं, वजन यावं म्हणून मध्ये एक गंजका नट. वायरींची टोकं त्या एम-सीलमध्येच संपलेली, कशालाही जोडलेली नाहीत.

मग आधी गाडी सुधारली कशी? इथंच माणूस गंडतो. प्लॅटिनवाल्या गाडीत बॅटरीचा करंट कॉइलमधून जात असतो. पॉइंट उघडले की तो तुटतो, आणि त्या तुटण्यानंच कॉइलमध्ये हजारो व्होल्ट तयार होऊन प्लगला ठिणगी पडते. पॉइंट उघडताना तिथल्या तिथं ठिणगी उडू नये, हे काम कंडेन्सरचं. तो गेला की पॉइंट जळतात आणि प्लगला जेमतेम पिवळट ठिणगी मिळते. त्या गॅरेजवाल्यानं नवा कंडेन्सर घातला, नवा प्लग लावला, पॉइंट साफ केले. दोन-अडीचशेच्या कामाचे साडेआठ हजार. त्यामुळे गॅरेजच्या दारात गाडी झकास चालली म्हणजे किट बसलं, असं समजू नका.

खरं सीडीआय कसं ओळखायचं? त्यात डब्यातल्या वेगळ्या कंडेन्सरमध्ये दोन-तीनशे व्होल्ट साठवून ते एका झटक्यात कॉइलमध्ये सोडतात. कधी सोडायचे ते फिरत्या चुंबकाची जागा ओळखणारी छोटी पिकअप कॉइल सांगते, पॉइंटची गरजच उरत नाही. म्हणून जावाचं पूर्ण किट बसलं तर उजव्या कव्हरखाली चुंबकाचा नवा रोटर आणि नवी कॉइल प्लेट दिसली पाहिजे, आणि जुना डायनॅमो तुमच्या हातात आला पाहिजे. असं किट खोटं नसतं हेही सांगतो. व्हेप ही चेक कंपनी जावासाठी ते बनवते. त्यानं गाडी 6 वरून 12 व्होल्टवर जाते, म्हणजे बल्ब आणि हॉर्न बदलणं आलंच. आमच्या हेडलाइटला 6 व्होल्टचाच बल्ब होता, तेव्हाच शंका यायला हवी होती कोणाला तरी. शिवाय चुंबकवाल्या किटला चालू व्हायला बॅटरी लागत नाही. बॅटरीची वायर काढून किक मारायला सांगा. आणि गाडी चालू असताना डब्याचं सॉकेट काढायला लावा. बंद पडली तरच डबा खरा.

साडेआठ हजारांपेक्षा मला जास्त लागलं ते जिकोव्हचं. इग्निशन बदललं म्हणून कार्बोरेटर बदलावा लागतो हे धादांत खोटं. 2018 मध्ये जावा नव्यानं बाजारात आली तेव्हापासून जुन्या गाड्यांच्या अस्सल सुट्या भागांना मागणी वाढलीय. जिकोव्ह, जुनी कॉइल, स्पीडोमीटर, गुडघ्याचे रबर, काहीही भंगार नाही. काढलेला प्रत्येक तुकडा पिशवीत घालून घरी आणा, मेकॅनिक कितीही हसू दे. गाडी गॅरेजला टाकताना इंजिनाचे दोन्ही बाजूंनी फोटो काढून ठेवा.

जाब विचारायला गेलो तर म्हणे, ‘कंपनीकडूनच असा डबा आला असन.’ कंपनी कोणती, त्याला उत्तर नाही. पक्कं बिल दिलंच नव्हतं. नशिबानं पाच हजार फोनवरून पाठवले होते, तेवढाच पुरावा आणि तो कापलेला डबा. ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915 आहे. जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला फी लागत नाही, पण ती दोन वर्षांच्या आत करावी लागते. आम्ही आधी त्याला रजिस्टर पोस्टानं नोटीस पाठवलीय. त्यात बाबांनी हट्टानं पहिली मागणी लिहायला लावली ती जिकोव्ह परत देण्याची, पैशांची दुसरी.