बीटल्स: मोनो की स्टीरिओ?

मोनो म्हणजे सगळा आवाज एकत्र, दोन्ही कानांत सारखाच; स्टीरिओ म्हणजे डाव्या-उजव्या कानात वेगवेगळा. बीटल्सचा १९६३ चा ‘प्लीज प्लीज मी’ हा अल्बम स्टीरिओत हेडफोनवर ऐकून बघा. गाणाऱ्यांचे आवाज एका कानात, गिटार आणि ड्रम दुसऱ्या कानात. रेकॉर्डिंगच दोन ट्रॅकवर (टेपवरच्या दोन स्वतंत्र पट्ट्यांवर) झालेलं, त्यामुळे स्टीरिओ करायला बिचाऱ्यांच्या हातात दुसरं होतं काय? मोनोत तीच गाणी एकजीव होऊन अंगावर येतात. सुरुवातीच्या अल्बमसाठी माझं मत सरळ मोनोला.

खरी गंमत १९६७ च्या ‘सार्जंट पेपर’ची. त्या काळी इंग्लंडात घरोघरी मोनोच वाजायचं, म्हणून बँडने जीव ओतला तो मोनो मिक्सिंगमध्ये, म्हणजे रेकॉर्ड केलेले वेगवेगळे ट्रॅक एकत्र जुळवण्यात. स्टीरिओ नंतर त्यांच्या गैरहजेरीत, झटपट उरकलं. फरक कानाला लगेच कळतो. ‘शीज लीव्हिंग होम’ मोनोत जलद आणि चढ्या सुरात आहे. स्टीरिओत तेच गाणं जरा रेंगाळतं, रडकं वाटतं. (काहींना तेच आवडतं, आवडो बापडं.)

१९६८ च्या ‘व्हाइट अल्बम’मध्ये मात्र स्टीरिओ बाजी मारतो. ‘हेल्टर स्केल्टर’च्या शेवटी बोटांना फोड आल्याची ड्रमर रिंगोची आरोळी मोनोत नाहीच!

‘ॲबी रोड’ या अल्बमला तर प्रश्नच मिटला, त्याचं मोनो मिक्स केलंच नाही.

विकत घ्यायचं असेल तर २००९ चा मोनो सीडी संच किंवा २०१४ च्या मोनो एलपी (तबकड्या) शोधा. आणि स्टीरिओच हवं असेल, तर ‘पेपर’साठी जाइल्स मार्टिनचं (बीटल्सचे निर्माते जॉर्ज मार्टिन यांचा मुलगा) २०१७ चं नवं मिक्स घ्या, त्यात गाणाऱ्यांचे आवाज मधोमध आणलेत.