बंदूक नंतर, आधी थ्रॉटल: एलिट डेंजरस काही महिने खेळल्यावर

एलिट डेंजरसबद्दल कुणालाही विचारा, दोनच उत्तरं मिळतात. "नाद खुळा" किंवा "काय कळलंच नाही, काढून टाकला". मी पावसाळ्याच्या तोंडावर सुरू केला आणि अजून खेळतोय, म्हणजे पहिल्या गटातला. पण दुसऱ्या गटाचं कुठं बिनसतं ते आता नीट दिसतंय. ही मंडळी पहिल्याच संध्याकाळी भांडण शोधत जातात.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. गेम केंब्रिजच्या फ्रंटियर डेव्हलपमेंट्सचा, डिसेंबर २०१४ मध्ये आलेला. मूळचा एलिट १९८४ चा, डेव्हिड ब्रेबन आणि इयान बेल यांचा. इथं आपली आकाशगंगा खऱ्या मापात उभी केलीय, सुमारे ४०० अब्ज तारामंडळं. तुमच्या हातात साइडवाइंडर नावाचं छोटं यान आणि थोडे क्रेडिट ठेवतात. पुढं काय करायचं ते कुणी सांगत नाही. व्यापार करा, खाणी खोदा, गुन्हेगार मारा, नाहीतर नुसते भटका. मी भांडणासाठी घेतला होता, म्हणून त्याच बाजूनं लिहितोय.

पहिली गोष्ट हाताची. माउस उजवीकडे सरकवला की यान उजवीकडे वळत नाही, कुशीवर लोळतं. नाक सरळ डावी-उजवीकडे फिरवायला ए आणि डी आहेत, पण तसं फिरणं इतकं संथ की भांडणात त्याचा उपयोग नेम बारीक जुळवण्यापुरताच. खरं वळण दोन भागांत होतं: आधी लोळून शत्रू डोक्याच्या वर आणायचा, मग नाक वर ओढायचं. ट्रेनिंगमध्ये हे येतं, पण हाताला बसायला वेळ लागतो. बाकी सगळं बाजूला ठेवून आधी एवढंच घोटा.

दुसरी गोष्ट थ्रॉटल, आणि माझ्या मते अख्खा गेम इथंच आहे. वेगाच्या पट्टीवर मध्यभागी एक निळा भाग दिसतो. वेग त्या निळ्यात असेल तेव्हा यान सगळ्यात चपळ वळतं. फुल्ल स्पीडला वळण मोठं होतं आणि शत्रू आरामात पाठीवर येऊन बसतो. दिवाळीत मिरजेचा भाचा आला होता. शूटिंग गेममध्ये तो मला उभं राहू देत नाही. इथं बसला, डब्ल्यू दाबून धरला आणि एका फुटकळ चाच्याभोवती गोल-गोल फिरत राहिला.

"मामा, हे वळतच नाय की!"

"डब्ल्यू सोड. निळ्यात आण."

वेग निम्म्यावर आला, नाक गपकन आत वळलं आणि चाच्याचं इंजिन समोर. त्यानंतर जेवायला उठवायला ताईला तीन हाका माराव्या लागल्या.

तिसरी गोष्ट पॉवरची वाटणी. सिस्टिम, इंजिन आणि शस्त्रं या तिघांत सहा ठिपके वाटायचे, एकाला जास्तीत जास्त चार. बाणाच्या कीनं होतं: डावा बाण सिस्टिम, वरचा इंजिन, उजवा शस्त्रं, खालचा सगळ्यांना समान. मार खाताना सिस्टिमला चार दिले की शिल्ड बरीच जास्त तग धरते. पाठलागात इंजिन, नेम लागला की शस्त्रं. एकदा वाटणी करून विसरायची ही गोष्ट नव्हे. प्रत्येक भांडणात बोटं सतत बाणांवर हवीत. हे जमायला लागल्यावर मला लढाईची खरी गोडी लागली.

लेझर शिल्डवर चालतं, मल्टिकॅनन धातूवर. साइडवाइंडरला दोनच छोट्या जागा आहेत, तिथं एकेक लावा. सुरुवातीला गिंबल असलेलीच घ्या, ती नेम थोडा स्वतः सांभाळतात. आणि गोळी झाडण्याआधी समोरचं यान स्कॅन होऊन "वाँटेड" अशी पाटी येईपर्यंत थांबा. साध्या माणसावर गोळी चालली तर बक्षीस तुमच्याच डोक्यावर लागतं आणि पोलीस तुमच्याकडे वळतात. नवख्यानं कमवायला जागा एकच: ग्रहाच्या कड्यांतली खाणीची ठिकाणं, रिसोर्स एक्स्ट्रॅक्शन साइट. तिथं पोलीस आधीच चाच्यांशी भिडलेले असतात. त्यांनी जेरीस आणलेल्या यानावर तुम्हीही चार गोळ्या टाका, बक्षिसाचे पैसे मिळतात. नावात "हॅझर्डस" असेल तिथं मात्र पोलीस नसतात.

लांबच्या प्रवासात कुणी तुमचं यान मधेच अडवून बाहेर ओढलं तर नवख्यानं झटापट करू नये. थ्रॉटल शून्य करून शरण जायचं. मग ड्राइव्ह (दूरच्या उड्या मारणारं इंजिन) लवकर थंड होतो आणि बूस्ट मारून पळता येतं. यान फुटलंच तर किमतीच्या ५ टक्के भरून परत मिळतं. तेवढे क्रेडिट कायम बाजूला ठेवा, नाहीतर पुन्हा साइडवाइंडर.

स्टेशनवर उतरणं लोक उगाच अवघड करून सांगतात. साडेसात किलोमीटरच्या आत परवानगी मागा, हिरवे दिवे उजव्या हाताला ठेवून आत शिरा, बस्स. इंधनाचं लक्षात ठेवा: स्कूप, म्हणजे ताऱ्याजवळून इंधन ओढणारं यंत्र, ओ, बी, ए, एफ, जी, के, एम या प्रकारच्या ताऱ्यांवरच भरतो.

आता सांगलीकरांसाठी वेगळं. एकट्यानं सोलो मोडमध्ये खेळलात तरी नेट लागतंच. जून-जुलैत लाइटचा काही भरवसा नाही, तेव्हा पीसीला यूपीएस असून भागत नाही, राउटरही इन्व्हर्टरवर हवा. नेट तुटलं की गेम सरळ मुख्य मेनूत आणून टाकतो आणि एररला नावं सापांची: ॲडर, कोब्रा, क्रेट. शिराळ्याच्या जिल्ह्यात राहून हे सोसायचं म्हणजे कमालच.

नापसंत काय? कंटाळवाणा प्रवास. अल्फा सेंटॉरीतलं हटन ऑर्बिटल मुख्य ताऱ्यापासून ०.२२ प्रकाशवर्षं दूर आहे, तिथं पोचेपर्यंत सांगलीहून एसटीनं कोल्हापूर गाठून चहा होईल. मे २०२१ मध्ये ओडिसी हे पायी फिरू देणारं एक्स्पान्शन आलं तेव्हा त्याची अवस्था इतकी वाईट होती की ब्रेबन यांना जाहीर माफी मागावी लागली. आता सुधारलंय, पण पायी फिरायच्या वस्त्यांत जुनं ग्राफिक्स कार्ड धापा टाकतं. फक्त उडायचं असेल तर ओडिसीची घाई नको.

जॉयस्टिकचीही घाई नको. मी कीबोर्ड-माउसवर बरेच दिवस काढले, नंतर स्वस्तातली घेतली. काही महिन्यांत तिचा मध्य सरकायला लागला. घ्यायचीच तर हॉल सेन्सरवाली (चुंबकावर चालणारी) बघा. आवाजावर मात्र खर्च करा. बरे हेडफोन लावलेत तर शत्रू कुठल्या बाजूनं गेला ते कानाला कळतं.

यानं बदलताना पहिली उडी ईगलवर. ४४,८०० क्रेडिट, तीन बंदुका आणि वळायला लाजवाब, पण मार सोसत नाही. मग व्हायपर मार्क थ्री किंवा कोब्रा मार्क थ्री. कोब्रात सामानही मावतं, म्हणून बहुतेक जण तीच सुचवतात. मला व्हायपर आवडली. हॅझर्डसमध्ये मात्र अजून पाऊल टाकलेलं नाही. आधी पॉवर डिस्ट्रिब्युटर, म्हणजे ती पॉवर वाटणारा भाग, ए या सगळ्यात वरच्या ग्रेडचा बसवतो, मग बघू.