इंग्रजी सरावाचं अ‍ॅप: ‘मायसेल्फ’ चोख, विनंत्या कच्च्या

‘मायसेल्फ’चा धडा झकास. कर्ता आणि कर्म एकच असेल तेव्हाच ते कर्माच्या जागी बसतं, हे नीट ठसवलंय. म्हणून ‘आय हर्ट मायसेल्फ’ बरोबर, पण ‘प्लीज कॉल मायसेल्फ’ चूक; तिथे छुपा कर्ता ‘यू’ असतो, त्यामुळे ‘कॉल मी’च हवं. ‘हेल्प युअरसेल्फ’ मात्र त्याच हिशोबाने चालतं.

विनंत्यांचा भाग उरकलाय. ‘वुड यू माइंड’नंतर ‘टू ओपन’ नाही, ‘ओपनिंग’ लागतं, एवढं सांगितलंय. होकार देताना ‘नॉट अ‍ॅट ऑल’ म्हणायचं, हे गाळलंय. प्रश्न ‘हरकत आहे का?’ असा असतो, त्यामुळे नुसतं ‘येस’ म्हटलं तर समोरच्याला नकार वाटायचा! ‘कुड यू टेल मी व्हेअर इज द ऑफिस’ तर चक्क बरोबर धरलंय. ‘इज’ शेवटी हवं.