पीएचडी गायडन्सला साडेचार हजार भरले, पैसे वसूल झाले का?

एमएस्सी फिजिक्स झालं की घरी एकच विषय, बीएड कधी करतोस. मला कॉम्प्युटेशनल मटेरियल्समध्ये (पदार्थांचे गुणधर्म कॉम्प्युटरवर काढायचे) पीएचडी करायची होती आणि सोलापुरात विचारायचं कुणाला हेच कळंना, म्हणून एका गायडन्सवाल्यांकडं गेल्तो. नाव लिहीत नाही, उगं भांडण नको.

पहिल्या दिवशी हातात एक झेरॉक्स दिली, कुठं कुठं अप्लाय करायचं त्याची यादी. त्यात जेआरएफ, म्हणजे पीएचडीवाल्यांची महिन्याची फेलोशिप, 31,000 लिहिलेलं! अहो 2023 पासून 37,000 झालंय, दोन वर्षांनी 42,000, एचआरए वेगळा. मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेची स्वतःची परीक्षा असते, पुण्याच्या आयुकाची (खगोलशास्त्राची संस्था) वेगळी, बऱ्याच संस्थांची मिळून असते ती जेस्ट वेगळी, हे सगळं त्यांच्या त्यांच्या साइटवर फुकट वाचायला मिळतंय. जेआरएफसाठी द्यायच्या सीएसआयआर-नेट परीक्षेचा पेपर तरी नीट समजावतील म्हटलं, तर 75 पैकी 55 सोडवायचे आणि चुकलं की त्या प्रश्नाच्या मार्कांचा पाव हिस्सा कट एवढंच सांगून चहाला गेले. आणि काही विचारलं की थिन फिल्म (काचेवर पदार्थाचा पातळ थर बसवायचा) घे, थिन फिल्म घे. बीकर, हॉट प्लेट आणि काचेच्या पट्ट्या असल्या की काम सुरू होतं हे खरंय, आपल्या भागात लई जण तेच करतात, पण मला कोड लिहायचाय हे तीनदा सांगितलं तरी तेच.

आता चांगलं सांगतो. मॉक इंटरव्ह्यूला बाहेरून एक सर आल्ते. मी ऐटीत सांगितलं, क्वांटम एस्प्रेसो या फुकट सॉफ्टवेअरवर सिलिकॉनची बँड स्ट्रक्चर (आतल्या इलेक्ट्रॉनच्या ऊर्जेचा नकाशा) काढलीय. सर म्हणाले, "कटऑफ किती घेतलास?" कटऑफ म्हणजे गणित किती बारकाईनं करायचं त्याची मर्यादा, रिडबर्ग या ऊर्जेच्या एककात. म्हटलं 20 रिडबर्ग. "का?" ट्युटोरियलमध्ये होता म्हणून. सर नुसतं हसले आणि म्हणाले, मग ते उत्तर ट्युटोरियलचं, तुझं नाही. घाम फुटला बे!

मग त्यांनीच बसून सांगितलं. कटऑफ वाढवत जायचा, दरवेळी टोटल एनर्जी लिहायची, ग्राफ सपाट झाला की तिथं थांबायचं, के-पॉइंटचंही (गणित किती बिंदूंवर करायचं ते) तसंच. घरी लॅपटॉपवर 10 पासून 80 पर्यंत रन लावले, 40 च्या पुढं रेघ आडवी पडली, म्हणजे माझा 20 कमीच होता. पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेत परम ब्रह्मसारखा सुपरकॉम्प्युटर 2019 पासून आहे, पण ही टेस्ट न करता तिथं रन टाकला तर चुकीचंच उत्तर लवकर मिळणार, हे पण त्यांचंच.

तर पाचपैकी तीन स्टार, तिन्ही त्या सरांचे. जाणार असाल तर फक्त मॉकचे किती घेता ते विचारा, आधी नाही म्हणतात, उठून निघालं की 1,500 वर येतात (माझ्या मित्राला आले). यादी घेऊ नका.

माझा खरा इंटरव्ह्यू शुक्रवारी पुण्यात आहे, सकाळच्या हुतात्माचं तिकीट काढलंय. ग्राफची प्रिंट पण घेतलीय, कलर.